गाडीच्या बाजूंना कॅमेरे

८ जानेवारी २०२६, गुरुवार

पुन्हा डावी बाजू! मागच्या दारावर हातभर ओरखडा. कारंजाच्या चौकात एक मोटारसायकलवाला घासून गेला आणि वर मलाच बोलला. बघता बघता गर्दी. काय झालं हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचं एकच — "अरे, बाई चालवून राह्यली ना!" म्हणजे निकाल लागला.

मी मोठ्या तोऱ्यात काचेवरचा कॅमेरा दाखवायला गेले. त्यात काय? समोरचा रस्ता, एक गाय आणि माझा आवाज — "अरे देवा!" बाजूचं काहीच नाही. मोटारसायकलवाला हसत निघून गेला. घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं.

९ जानेवारी

जगदेव म्हणतात, ड्रायव्हर ठेवू. (समोर 'अहो', इथे जगदेव. इथे कोण ऐकतंय!) स्वतः मोटारसायकलच्या पुढे कधी गेले नाहीत आणि मला ड्रायव्हर देणार!

लेक राखी शाळेत होती तेव्हापासून मी गाडी चालवतेय. आता ती अमरावतीला नोकरी करते. मी इथे आरोग्य खात्यातली सुपरवायझर, वाट्याला गावं अशी की एसटी आली तर आली. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचं बाळ निळं पडलं, तर मी कुणाची वाट पाहत बसत नाही. चावी उचलते आणि निघते. ड्रायव्हर आला की त्याचं जेवण, त्याची सुट्टी, त्याच्या मेव्हण्याचं लग्न. नाही जमायचं मला. गाडी गेली तर माझं अर्धं काम जाईल, आणि खरं सांगायचं तर अर्धी मीही.

म्हणून पैज लावली. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावते. पुढच्या वेळी घासलं आणि त्यात माझी चूक दिसली तर चावी तुमच्या हातात. नाही दिसली तर ड्रायव्हर हा शब्द या घरात काढायचा नाही.

"चालते," म्हणाले. चहात बिस्कीट बुडवत! मी हरणार अशी खात्रीच आहे जणू.

१४ जानेवारी, संक्रांत

दरवर्षी फाट्यावरच्या गावातल्या बाया आठ दिवस आधीपासून मागे लागायच्या — सिस्टर, हळदीकुंकवाले येजा, येजा. यंदा एकीनेही नाही.

कारण माहीत आहे. नोव्हेंबरात प्रयागबाईच्या सपनाचं लग्न मी थांबवलं. पोरगी सोळाची. हळदीच्या दिवशी मी फोन केला, वरून माणसं आली, मांडव उतरला. प्रयागबाई भर रस्त्यात ओरडली होती — "सिस्टर, माह्या दारात पाय ठेवू नोका!" आणखीही बरंच बोलली.

तेव्हापासून फाट्यावरून जाते तर कुणी हात करत नाही. आधी माझी पांढरी गाडी दिसली की बाया वावरातून हात हलवायच्या. आता रस्ता ओस पडल्यासारखा. वाईट वाटतं. का नाही वाटणार? पण वेळ आली तर तो फोन मी पुन्हा करीन.

१७ जानेवारी, शनिवार

कॅमेरे बसवायला रऊफभाईंच्या दुकानात अर्धा दिवस गेला. मला वाटलं, काचेला चिकटवायचा आणि निघायचं.

"मॅडम, दाराच्या काचेले लावला अन् काच खाली केली, तं कॅमेरा कुठी जाईन?"

हे खरं. मग पुढच्या-मागच्या दारांच्या मधल्या खांबावर बसवले. डावीकडे एक, उजवीकडे एक. वायर दाराच्या रबराखालून फ्यूजच्या डब्यापर्यंत नेली, कुठे लोंबत नाही. चित्र मोबाइलवर पाहता येतं. आठ-दहा दिवसांचं राहतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. इंजेक्शनची सुई असावी तेवढा चोख हात आहे या माणसाचा, पण बोलणं थांबत नाही.

मला शिटवर बसवून स्वतः एकदा या दाराबाहेर, एकदा त्या. "मॅडम, समोर पाहा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून राह्यलो का?" माझा फोनवर लसीकरणाचा अहवाल सुरू. म्हटलं, हो हो, दिसता, लावा लवकर.

१९ जानेवारी

दोन दिवस कुणी शिवलंसुद्धा नाही गाडीला. कॅमेरे लागले तसे सगळे शहाणे झाले!

२१ जानेवारी, बुधवार

झालं. आज झालं.

उपकेंद्राकडे डावीकडे वळत होते. धाड! दूधवाला किसनसिंग रस्त्यावर, मोटारसायकल आडवी, कॅन उपडे. आधी त्याला पाहिलं. कोपर खरचटलं, बाकी ठीक. मलमपट्टी केली, दुधाची भरपाई दिली आणि मग मात्र झापलं — कुठून आलास एकदम?

"एकदम? सिस्टर, मी कव्हाचा तुमच्या बाजूनंच चालून राह्यलो! हॉर्न देऊन देऊन अंगठा दुखला!"

हॉर्न काय, इथे सगळेच वाजवतात. मी आरशात पाहिलं होतं. रस्ता मोकळा होता. अगदी शपथेवर सांगते, मोकळा होता. म्हटलं, बरं, कॅमेरे आहेत आपल्याकडे. जगदेवांनाही फोन केला — जेवण झाल्यावर बसू पाहायला! आवाजात जरा गुर्मी होतीच.

२२ जानेवारी

काल रात्री पुढचं लिहवलं नाही, आज लिहिते.

दोघं मोबाइल घेऊन बसलो. डाव्या कॅमेऱ्यात किसनसिंग शाळेपासून आहे. गाडीच्या डाव्या दाराशेजारी. कॅनचं झाकण हलताना दिसतं इतका जवळ. अंगठा हॉर्नवर. शाळा गेली, पिठाची चक्की गेली, तो आहेच. आणि मी त्याच्यावर गाडी घालते. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

जगदेव हसले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, "लागलं नाई ना त्याले जास्त?" एवढंच. मी चावी त्यांच्या हातात दिली. शब्द म्हणजे शब्द.

सकाळी रऊफभाईंना फोन करून भांडले. म्हटलं, तुमचे कॅमेरे नको तेवढं बाजूचं दाखवतात, माणसाला इतकं दिसतं का? ते बिचारे हळूच म्हणाले, "मॅडम, शिटवर बसल्या माणसाले जेवढं दिसते तेवढंच धरलं मी. ज्यादा एक बोट नाई." मी फोन ठेवून दिला. तसं करायला नको होतं.

२३ जानेवारी

काळीपिवळी जीपने गेले. मागच्या शिटवर पाच जणी. एकीच्या मांडीवर कोंबडी.

२५ जानेवारी, रविवार

घरी. एकच काम — कॅमेऱ्यातलं सगळं काढून पाहायचं. एक तरी जागा सापडेल जिथे दुसऱ्याची चूक आहे. तेवढी सापडली तरी चावी परत मागता येईल, असा विचार.

दुसरंच सापडलं.

सोमवार सकाळ, फाटा, डावा कॅमेरा. प्रयागबाई. विळा कमरेला, तुरीच्या सोंगणीला निघालेली. हात वर करून उभी. शेजारी सपना — शाळेच्या ड्रेसवर, पाठीला दप्तर, एसटीची वाट पाहत. तिचाही हात वर. दोघी हसत आहेत. गाडी निघून जाते.

मंगळवार. दोघी. हात वर. गाडी निघून जाते.

बुधवारी सपना दोन पावलं पुढे आली. हातात काहीतरी कागदात बांधलेलं, गाडीकडे धरलेलं. तिळगुळ असेल. आवाज नाही, काच बंद. आवाज फक्त माझ्या गाडीतल्या गाण्याचा. गाडी निघून जाते.

उजव्या कॅमेऱ्यात कमलीबाई, दवाखान्यातली हाजराबी, नाव न आठवणाऱ्या किती बाया. सगळ्यांचे हात वर.

मी फोन उशीवर ठेवला आणि रडले. जगदेव दारात येऊन उभे राहिले, परत गेले. एवढे दिवस मी त्या बायांवर रुसून बसले होते!

२७ जानेवारी, मंगळवार

मुद्दाम फाट्यावर उतरले. प्रयागबाईला गाठायचंच होतं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एसटी निघून गेली असेल असं वाटून वळणार तोच दंडाला कुणीतरी धरलं.

"सिस्टर! इथंच तं उभी आहो मी. कोणाले शोधून राह्यल्या?"

अगदी कोपराजवळ उभी होती.

मग रस्त्यातच बोलणं झालं. "मले वाटलं, मी शिव्या देल्या तवाचा राग धरून राह्यल्या तुमी. रोज हात करतो तं तुमी नाकासमोर पाहून जाता! बाया म्हने, सिस्टरले गर्व झाला. हळदीकुंकवाले कोन्या तोंडानं बोलावावं?" आणि मग पदर तोंडाला लावून — "पोरीनं सहामाहीत इंग्रजीत पहिला नंबर काढला. तेच सांगायचं व्हतं."

मी तिला मिठी मारली. काळीपिवळीवाला हॉर्न वाजवत होता, वाजवू दे म्हटलं.

जगदेवांना सगळं सांगितलं. कोपराजवळ उभी होती तेही. त्यांनी लगेच अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावला, मला न विचारता. दरवर्षी मोतीबिंदूच्या कॅम्पला म्हाताऱ्यांना मीच गाडीत कोंबून नेते आणि माझा चष्मा शेवटचा कधी तपासला ते आठवेना! चष्म्याचाच नंबर बदलला असेल. नवीन काचा आल्या की चावी मागून घेईन. ड्रायव्हर-बियव्हर काही नको. प्रयागबाईलाही सांगून आले, पुढच्या सोमवारी गाडी थांबवते, तिळगुळ तयार ठेव.

३१ जानेवारी, अकोला

डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर पाहिला. म्हणाले, नंबर तोच आहे. मग डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. आणखी एक तपासणी लिहून दिली.

काळोख्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीसमोर हनुवटी टेकवून बसवलं. हातात बटण. नजर समोर ठेवायची, बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. सुरुवातीला मधोमध दोन-तीन दिसले, दाबले. मग काहीच नाही. मी आपली तयारीत बसलेली. शेवटी त्या मुलीला म्हटलं, ताई, मशीन बंद पडलं वाटतं.

"नाई मॅडम, सुरूच आहे. कव्हाचे येऊन राह्यले ठिपके."