पाळणा राहू दे

पन्हाळा, ९ जानेवारी १९८४

तीर्थरूप माईस, आम्हा दोघांचा नमस्कार.

खोली स्वच्छ आहे, सकाळची न्याहारी घरमालकीणबाईच देतात. थंडी फार, पण मंदा कानाला रुमाल बांधते. तुझा खोकला कसा आहे?

काल न्याहारीला मंदाने तुझे डिंकाचे लाडू काढले. बाई हसून म्हणाल्या, "बाळंतिणीचा खाऊ! बाळ आजीजवळ ठेवलंय व्हय गं?"

मंदा म्हणाली, "हो."

मला खरे सांगवले नाही. आज बाईंनी बाळासाठी कुंची शिवून दिली. मंदाने ती उशीखाली ठेवली आणि बाळ गेल्यापासून प्रथमच पोटभर जेवली.

आम्ही येण्याआधी पाळणा काढ, असे मी सांगितले होते. राहू दे. कुंची एकदा त्यात ठेवून मंदाच तो काढील.

तुझा,
कृष्णकांत