बासष्ट जागांची मालकी

या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे मागे काय उरतं ते कळेल: घरातला तेरा पायऱ्यांचा गोल जिना, त्याचा कठडा, बायकोच्या शिलाई मशीनचं टेबल आणि कारखान्यातल्या बासष्ट जणांची क्लाउडवरची खाती. शेवटची वस्तू दिसत नाही, पण घडवली मीच. मी, जिन्यांच्या कारखान्याचा फोरमन, वय चौपन्न, डोकं शाबूत, रक्तदाब एकशेवीसवर ऐंशी, कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. जिना रंगवायचा तर आधी घासून घ्यावा. वरवर रंग फासणाऱ्याचा त्यावर हक्क नाही.

कलम २. वेल्डिंगची हत्यारं कारखान्याला. ज्या पानं सुटलेल्या पुस्तकावरून मी कॉम्प्युटर शिकलो, ते मेहुण्याला. "दाजी, वेल्डरला कशाला ही थेरं?" हे वाक्य त्याचं. पहिलं पान त्याने मोठ्याने वाचल्यावरच पुस्तक द्यावं.

कलम ३. अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "नकाशे, पत्रं, सगळं क्लाउडवर ठेवायचं म्हणे. तुम्हीच बघा." वर्गणीच्या फॉर्मवर मालकाच्या रकान्यात मी माझा ईमेल टाकला आणि बिलासाठी बायकोचं कार्ड, कारण घरात तेवढं एकच होतं. तेव्हा जागा, म्हणजे वापरणाऱ्यांची खाती, सहा होत्या. नवा माणूस आला की मी एक वाढवायचो, कोणी सोडून गेला की त्याची जागा दुसऱ्याला द्यायचो. कारखाना बिलाचे पैसे बायकोला वेळेवर परत करायचा. मात्र क्लाउडवाले दर नववर्षाला तिला संचालक म्हणून शुभेच्छा पाठवायचे. ती कपडे शिवते. म्हणायची, "अहो, माझ्या दुकानात बासष्ट माणसं, आणि काज करायला एक नाही."

हे खातं मी मृत्युपत्रात कारखान्याच्या नावे लिहिलं, तर वकीलबाईंनी ते कलमच खोडलं. "क्लाउडवाल्यांचे नियम वाचलेत का? खातं तुमच्याबरोबर संपतं. तुम्ही गेलात की बासष्ट जण दाराबाहेर, नकाशे आत. द्यायचं तर जिवंतपणी द्या."

नियम मी वाचले नव्हते.

म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, मालकाच्या रकान्यात माझ्या जागी कारखान्याचं नाव घातलं. बिल कारखान्याच्या कार्डावर. जागा द्यायचे-काढायचे हक्क दोघांना, हिशेबनीस आणि नकाशे काढणारी मुलगी, म्हणजे एक रजेवर असला तरी अडायला नको. माझ्या नावापुढे 'सदस्य' असं उमटलं. मालकीणबाई म्हणाल्या, "या फोरमन, आता आमच्या रांगेत." त्या दिवशी मी दोन डबे जेवलो.

कलम ४. घरी बायकोने विचारलं, "म्हणजे माझं संचालकपद गेलं?" तर तिच्या दुकानासाठी एका जागेची वर्गणी घेतली आहे. मालक ती, वापरणारी ती, कार्ड तिचं. दहा वर्षांचे पैसे शिलकीतून वेगळे काढले आहेत. शुभेच्छा येत राहतील.

साक्षीदार: हिशेबनीस (सही), नकाशे काढणारी मुलगी (सही)
ठिकाण: कारखान्यातली जेवणाची खोली
तारीख: चौदा मार्च
लिहून ठेवणार: फोरमन (सही)

सहीनंतरची नोंद, याच साक्षीदारांसमोर: त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावरच्या जिनेवाल्याचा माणूस घरी आला होता. म्हणाला, "कागदोपत्री सगळे नकाशे तुमचेच आहेत. फक्त पासवर्ड सांगा." मी त्याला तेरा पायऱ्या उतरवून दारापर्यंत पोचवलं आणि नाही म्हणालो. त्याने देऊ केलेला आकडा बायकोला इथेच पहिल्यांदा कळेल: चाळीस लाख.