हॉलमधला समुद्र

अहो,

प्रिय वगैरे नंतर बघू. आज तुमच्या माशांच्या टाकीतलं कोरल पुन्हा उमललं, म्हणून लिहितेय. नाहीतर महिनाभर तुमच्याशी अबोलाच धरला होता मी.

फौजेतून रिटायर झालेली माणसं ऊस लावतात. तुम्ही अंदमानचं वेड घेऊन आलात आणि इस्लामपुरात, आपल्या हॉलमध्ये, समुद्र मांडलात! निळे दिवे, फेस काढायचं यंत्र, पाणी गार ठेवायला चिलर. लाईट गेली की इन्व्हर्टर टाकीच्या पंपाला, आणि मी पुठ्ठ्यानं वारा घेतेय. भर मे महिन्यात! जरा तरी वाटलं का काही?

आणि कधी हात लावू दिलात? नुसतं विचारलं तरी, "ते तुला न्हाई कळायचं." चौतीस वर्षं घर चालवलेलं कळलं, पाणी तेवढं कळणार नव्हतं होय?

दहाव्यालाही छळलंतच. कावळा पिंडाला शिवेना. थोरल्याची नोकरी, धाकटीचं लग्न, सगळं बोलून झालं. "माझी काळजी करू नका," म्हटलं, तेव्हा तर तो फांदीवरून हललासुद्धा नाही. शेवटी तुमचा भाऊ म्हणाला, "आवं वैनी, त्या माशांचं बोला की!" वैतागून म्हटलं, "सांभाळीन." लगेच शिवला!

मग काय, बसले सांभाळत. टाकीतलं पाणी रोज कमी व्हायचं. समुद्रच तो, म्हणून मी तुमच्या बादलीतलं मीठ कालवून भरत राहिले. कोरल मिटलं. मासे कोपऱ्यात जाऊन बसले. रडले हो मी. तुम्ही गेलात, आता हेही माझ्याच हातून जाणार!

गेल्या सोमवारी आमटी आटली. सवयीनं पाणी ओतलं आणि तांब्या हातातच राहिला. आटलेल्या आमटीत कुणी मीठ घालतं का? पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं! गॅस बंद केला. टाकीतलं थोडं खारं पाणी उपसलं आणि रोज आरओचं साधं पाणी हळूहळू सोडत गेले.

एवढंच होतं? स्वयंपाकघरात येऊन एका वाक्यात सांगता आलं असतं. मला कळलं असतं हो. दोघं बसून बघितलं असतं.

टाकी सांभाळीन, शब्द दिलाय. पण येत्या मे महिन्यात इन्व्हर्टरवर पंखाही फिरेल, आणि त्याखाली तुमच्या खुर्चीत मी बसेन.

जिला कळलं, ती तुमची,
सुमन