उतारावरचे बोंबील

ती. कुमुदआत्यास,

श्रद्धाचा नमस्कार. तुझी तब्येत, सुपारीची बाग आणि चाकांची खुर्ची, तिन्ही ठीक असावीत. खुर्ची आल्यापासून तू बागेच्या फाटकाबाहेर पडलेली नाहीस, असे आई म्हणते. (फोनवर समुद्राचे नाव काढले की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र.)

मी बरी आहे. गावात मात्र माझे पाय गेल्याची बातमी आहे. झाले असे, की नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात आल्यावर मी समुद्राकडे जाणाऱ्या पायऱ्यांशेजारी खुर्च्यांसाठी उतार बांधून घेतला. चढ एकास बारा, दोन्हीकडे कठडा, लाटा आदळतात तिथे दगडी पाया. पहिल्याच दिवशी कोळीवाड्यातल्या गोदूमावशीने त्यावर बोंबील वाळत घातले. इतकी स्वच्छ, उन्हाची जागा किनाऱ्यावर दुसरी नाही, हे मलाही मान्य करावे लागले (कौतुक कुठूनही आले तरी घ्यावे). हरकत घेतली तर म्हणाली, "बाय, तुजी खुर्चीवाली मानसं हायत कुठं? एक दाव, मंग उचलते." आमच्या सभापतींचेही तेच: वापरणारे कोणी दिसत नाहीत, पुढच्या सभेत ठराव करून तिथे सरबताचे गाळे काढू. उतार नाही म्हणून माणसे दिसत नाहीत आणि माणसे दिसत नाहीत म्हणून उतार नको, हे मी त्यांना फळ्यावर मांडून दाखवले. ते फळ्याकडे बघत चहा प्यायले.

शेवटी दवाखान्यातून खुर्ची आणून चाचणीसाठी मीच बसले. चाचणी उत्तम झाली. फक्त ती चाचणी आहे असे कुणाला वाटले नाही. गोदूमावशीने डोळ्यांना पदर लावला, बोंबील भराभर टोपलीत भरले आणि "तरनीताठी पोर गो!" म्हणत मला स्वतः पाण्यापर्यंत ढकलत नेले. मागून कुणी तेलाची बाटली आणली, कुणी देवीला नारळ बोलले. खाली पोचल्यावर मी उठून मापाची टेप लावली (बसून लावता येत नाही). गोदूमावशीने माझे पाय बघितले आणि वर जाऊन टोपली उलटी केली. बातमी मात्र पुढे गेली ती गेलीच. आईने आणलेल्या रेवदंड्याच्या स्थळाने "पत्रिका जमत नाही" असे कळवले आहे. उताराचा हा एवढा फायदा आताच पदरात पडला.

बागेत सर्वांना नमस्कार.

तुझी,
श्रद्धा

ता. क. सभा सोमवारी आहे. रविवारी सकाळी ओहोटी. शेजारचा हर्षद गाडी घेऊन बोर्लीला तुझ्या फाटकाशी येईल, मागची सीट काढून ठेवली आहे. गोदूमावशी म्हणते, "खोटीसाठी उचलले, खरीसाठी न्हाय व्हय उचलनार?"

ता. क. २. उतार सर्व नागरिकांसाठी आहे, असे मी टिप्पणीत लिहिले आहे, आणि ते खरे आहे. वळणाची रुंदी मात्र तुझ्या खुर्चीवरून धरली. गणपतीत तुझ्याकडे आले होते, दुपारी तुझा डोळा लागला होता, तेव्हा मोजली.