तिसऱ्या बटणाचा दोरा

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला चार वाजून दोन मिनिटांनी मी केलेला फोन तू कापलास. वाजून वाजून आपोआप थांबला असता तर मी समजून घेतलं असतं, डोळा लागला असेल, फोन उशीखाली राहिला असेल. पण थांबणं वेगळं आणि कापणं वेगळं. एकतीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं केलेल्या बाईला उसवलेला दोरा आणि कापलेला दोरा यांतला फरक कळतो. तेराला कापलास, चौदाला कापलास, पंधराला तर फोनच बंद. हे आधी लिहून टाकलं, पोट हलकं झालं. आता सलाम.

धाकटे, तुला थोरलीचा प्रभूमध्ये सलाम. तू बरी आहेस असं तुझी लेक सांगते, म्हणून मुद्दाम विचारत नाही, पण रीत म्हणून विचारलं असं धर. मी बरी आहे. दात तीन उरले, तेही एकमेकांसमोर नाहीत, त्यामुळे तोंडाचा उपयोग आता फक्त बोलायला होतो (तो आधीही तेवढ्यालाच होत होता, असं तू मनात म्हणशील, ते मला इथे ऐकू आलं). सून दिवसभर लॅबमध्ये लोकांना रक्तासाठी सुया टोचते आणि संध्याकाळी घरी आली की उरलेल्या मला टोचते. हे पत्र मी हाताने लिहिते आहे. सून म्हणाली, आई, तुम्ही नुसतं बोला, फोन लिहून घेईल. मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले ती काय फोनला कामाला लावायला. काना-मात्रा चुकली असेल तिथे मी रागात होते असं समजून पुढे वाच.

आता मूळ गोष्ट. आपल्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ, गेलेही एकाच वर्षात, आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं चारची वेळ आपली. आधी मागच्या खोलीत दोन स्टुलांवर (डुगडुगतं ते तुझं, कारण तू वजनाने हलकी), आणि तू लेकीकडे राहायला गेलीस तेव्हापासून फोनवर. मी प्रार्थना करायची, तू आमेन म्हणायचं. सुनेचं ऑपरेशन चालू होतं त्या दिवशीसुद्धा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून केली, वर-खाली करणारे लोक माझ्या पायाला अडखळत होते, पण तुझं आमेन चुकलं नाही. आणि ही एकोणीस वर्षांची गोष्ट फोनवर उपदेश करणाऱ्या एका कोटवाल्याने चार दिवसांत मोडली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वेळ आपण घडवली आणि हा येऊन तिच्यात बसला, तोही पंख्यासमोर, केस उडवत.

सोळा तारखेला तुझा निरोप आला. त्यात त्याच्या कार्यक्रमाचा दुवा, खाली हात जोडलेल्या बाहुल्या, आणि एक वाक्य: "त्यांनी माझं नाव घेतलं, जाऊबाई." हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी चहा कडू लागला. सून म्हणाली साखर घालायची राहिली, पण मला कारण माहीत होतं.

म्हणून मी चार वाजता त्याला ऐकायला बसले. श्रद्धेने नाही, खोड काढायला. माणूस देखणा आहे, ते कबूल. दात सगळे. आवाज असा की त्याने भाजीची यादी वाचली तरी चार बायका रडतील. स्वतःचं दुःख सांगताना तो डोळे मिटतो, आणि लोक किती बघताहेत ते बघायचं असलं की बरोबर उघडतो. कोपऱ्यात आकडा होता, अकरा हजार. अकरा हजार माणसं त्याचं आमेन म्हणायला, आणि मला एकच होती, तीही त्याने नेली. शेवटी तो म्हणाला, पडद्यावर तळहात ठेवा, मी हात ठेवतोय तिथेच. मी इकडे-तिकडे बघितलं, घरात कोणी नव्हतं, ठेवला. (तूही रोज ठेवतेस, तुझ्या लेकीने सांगितलं, आणि मग फोन पुसत नाहीस.) डोळे मिटले. आवाज जरा बदलल्यासारखा वाटला, पण म्हटलं, आत्म्याने भरला असेल. तो सांगत होता की पाठीवरचं वर्षानुवर्षांचं ओझं आज उतरेल, रात्री शांत झोप लागेल, निर्णय मात्र आजच घ्या. मी मोठ्याने आमेन म्हटलं. तिसऱ्या आमेनला दारातून सून म्हणाली, "आई, गादी घेताय का आपण?" माझ्या तळव्याने कार्यक्रम केव्हाच सरकला होता आणि गादीवाल्याची जाहिरात चालली होती. एक मात्र लिहून ठेवते, गादीवाल्याचा उपदेशही वाईट नव्हता. दोघांचा शेवट सारखाच होता, आत्ताच्या आत्ता खालचं बटण दाबा.

शास्त्रात सांगितलंय की कोणाच्याही आत्म्यावर आंधळा विश्वास टाकू नका, पारखून घ्या. मी पारखायचं ठरवलं. (सून म्हणते, आई, हे पारखणं नाही, जळणं आहे. मी म्हटलं, जळल्याशिवाय उजेड पडत नाही. तशी मी हजरजबाबी आहे, तुला माहीत आहे.) पहिली गोष्ट तुझ्या नावाची. त्याने नाव घेतलं म्हणजे तोंडाने घेतलं असं मी समजले होते. बघते तर पडद्याच्या तळाला एक पट्टी सरकत असते, त्यात नावं येतात आणि मुंग्यांसारखी पलीकडे निघून जातात. सून म्हणाली, जो नाव पाठवतो त्याचं आपोआप येतं, वाचत कोणी नाही. मी विश्वास ठेवला नाही, खात्री करून घेतली. आपल्या मांजरीचं नाव पाठवलं. पाच मिनिटांत पट्टीवर आलं, मागे बहीण लावून, आणि वर उत्तरही आलं की बहिणी, आम्ही तुझ्यासाठी गुडघे टेकले आहेत, यंदा तुझं घर लेकरांनी गजबजेल. पुढच्या आठवड्यात मांजर सुनेच्या इस्त्रीच्या कपड्यांत व्यायली, पाच पिल्लं. सून म्हणते, घ्या, मिळाली साक्ष. पण मांजर पोटुशी आहे हे मला महिनाभर आधी माहीत होतं. कोटवाल्याला ती मांजर आहे हेही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट बटणाची, आणि इथे मला कोणी शिकवू नये. त्याच्या कोटाला चार भोकांची बटणं आहेत. सगळी दोन सरळ टाक्यांनी लावलेली, तिसरं तेवढं फुलीच्या टाक्याने, म्हणजे मागाहून कोणीतरी घाईत लावलेलं, आणि त्याचा दोरा अर्धं बोट लोंबतोय. लोंबणारा दोरा एकतर वाढतो, नाहीतर बायको कापते, नाहीतर कुठेतरी अडकून बटणच जातं. हा सोमवारी जेवढा होता तेवढाच मंगळवारी, तेवढाच बुधवारी, तेवढाच गुरुवारी, त्याच बाजूला वळलेला. आणि रोज तो सांगायचा, आज पहाटे प्रभूने मला उठवलं. आत्ता, या क्षणी, मला एक बहीण दिसते आहे. धाकटे, त्याने चारही दिवसांचं एका बैठकीत बोलून ठेवलं होतं. तो रोज चार वाजता तुझ्यासाठी बसत नव्हता. तो एकदाच बसला होता, कुठल्यातरी सोमवारी, आणि तेव्हा त्याच्या चारचा ठोका पडला होता की नाही देव जाणे.

आणि गुडघ्याचं. त्याने सांगितलं, एका बहिणीचा डावा गुडघा आज बरा झाला. तुझा दुखतो उजवा. तर तू लेकीला म्हणालीस म्हणे की समोरासमोर बसल्यावर त्यांचा डावा तो आपला उजवा. आणि काठी दाराआड ठेवून दिलीस. इतकी हुशारी तू चाळीस वर्षांत स्वयंपाकघरात कधी दाखवली नाहीस.

मग मी त्याच्या कार्यक्रमाखाली लिहिलं. एका बोटाने, पाऊण तास लागला. लिहिलं एवढंच की साहेब, तिसऱ्या बटणाचा दोरा कापा, चार दिवस लोंबतोय. वाटलं होतं, लोक समजतील. लोक काय समजले ते ऐक. त्यांना वाटलं हा दृष्टांत आहे. एकाने लिहिलं, तिसरं म्हणजे तिसरा दिवस, प्रभू कबरेतून उठला तो. एकीने लिहिलं, या बहिणीला आत्म्यात दिसलं. संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली दोनशे बारा लाल बदाम. दुसऱ्या दिवशी एका बाईने विचारलं, माझ्या मुलाच्या शर्टाचंही तिसरंच बटण तुटलं आहे, याचा अर्थ काय. मी लिहिलं, अर्थ हा की बटण लाव. त्याला तीनशे बदाम. लोक मला बटणवाली आजी म्हणायला लागले. कोणी विचारायचं नोकरीचं, कोणी सासूचं, मी एका वाक्यात झाडायची, आणि जितकं झाडावं तितके बदाम जास्त. मी तुला खरं सांगते, गोड लागलं. एकोणीस वर्षं प्रार्थना केली, पण प्रार्थनेखाली कधी आकडा आला नव्हता.

ही कीर्ती आपल्या पाळकसाहेबांपर्यंत गेली. त्यांना तू ओळखतेस, नाकात बोलतात. त्यांना अकरा हजार बघत नाहीत, एकवीस बघतात, त्यांतले चार झोपेत. पण सुनेच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातल्या लोखंडी स्टुलावर सहा तास बसले होते ते हेच. आले, चहा घेतला, मांजरीची पिल्लं बघितली. मी त्यांना बटणाचा शोध सांगितला, पुरावा दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, त्याची परीक्षा तुम्ही घेतलीत ते बरं झालं. पण बटणावर थांबू नका. ऐकून झाल्यावर माणूस कोणाच्या जवळ जातो, ते बघत जा." मी म्हटलं, तुमच्या बाहीचं बटण सैल झालंय, काढून द्या. दोन सरळ टाक्यांनी लावून दिलं. ते गेल्यावर सुनेने भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून विचारलं, "आई, एकोणीस वर्षांत प्रार्थनेत काकूंचं नाव तुम्ही कधी घेतलंत?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, रोज घेते. आधी माझा मुलगा, मग ही, मग हिचं ऑपरेशन, मग माझे दात, मग पाळकसाहेबांचं नाक, आणि शेवटी 'आणि इतर सर्व'. त्या 'इतर सर्व'मध्ये कोण असतं मग. सून भांडी विसळत राहिली. ही बाई बोलत नाही तेव्हा जास्त टोचते.

तर एकूण पत्राचा मतलब असा की तो कोटवाला तुला ओळखत नाही, त्याच्या पट्टीला तू आणि मांजर सारखीच, आणि तू त्याच्यासाठी माझा फोन कापलास याची तुला लाज वाटली पाहिजे. तुझ्या लेकीला आशीर्वाद. मी रागावलेली नाही.

तुझी,
थोरली

ता. क. काठी दाराआडून काढ. गुडघा बरा झालाच असेल तर काठी काही त्याला परत दुखवणार नाही.

ता. क. दुसरा. गेल्या बुधवारी चार वाजून दोन मिनिटांनी तुझा फोन आला होता. तेव्हा मी कोणा अनोळखी बाईला तिच्या जावेशी कसं वागावं ते लिहीत होते आणि दोनशे नव्वद बदाम झाले होते, तीनशेला दहा कमी. फोन वाजून थांबला नाही. मी कापला. तीनशे झाले, तेव्हा मी बघितलं की खोलीत मी एकटी आहे आणि चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. कोणाच्या जवळ गेले ते पाळकसाहेबांनी विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही नाही. बटणवाली आजी त्या दिवसापासून बंद आहे. सुनेने ते खातं पुसून टाकलं, मी तिला तसं सांगितलं, पण ती पुसत असताना मी दुसरीकडे बघत होते.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र याच्यासाठीच. पत्र पोचलं की तुझी लेक मला कळवेल, त्या दिवशी चार वाजता मी फोन करीन. प्रार्थना तू करायची. मला आमेन म्हणता येतं की नाही ते एकदा बघू दे. मला 'आणि इतर सर्व'मध्ये घातलंस तर तो तुझा हक्क आहे, मी बोलणार नाही. पण नावाने घेतलंस, तर डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली मी काल घडी करून कागद घातला आहे हे तुला सांगीन. फोन तूच उचलायचा. लेकीने उचलला तर कापीन.