टपालातली पावती

गुरुवार, ता. २५

चि. धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीने धरला होता, आता ती जिना उतरते. तुझ्या वहिनीने स्वेटर विणायला घेतलाय, तो कुणाच्या अंगात बसणार हे तिलाही ठाऊक नाही. तू रजेवर गेल्यापासून तुझ्या भागातलं टपाल दोघा पोस्टमनांत वाटून दिलंय आणि दोघंही कुरकुर करतात.

सख्ख्या भावाला, तेही एकाच पोस्टात काम करणाऱ्या, पत्र लिहायची वेळ यावी याचं हसू येतं. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो. तुझी एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे, ती सोबत पाठवतोय. तिचं पुढे सांगतो.

बारा वर्षं मी आपल्या पोस्टातल्या कर्मचारी संघटनेचा खजिनदार होतो. वह्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. कुणी विचारलं नाही, मीही दाखवलं नाही. मग तू माझ्याविरुद्ध उभा राहिलास आणि एकोणतीस मतांनी निवडून आलास. पहिल्याच महिन्यात जमाखर्चाचा कागद फळ्यावर चिकटवलास, नळाशेजारी. माणसं पाणी प्यायला येत आणि पेला हातात धरून वर्गणीचे आकडे वाचत. काउंटरवरच्या बाई माझ्यादेखत म्हणाल्या, "याला म्हणतात कारभार! सगळं कसं उघड!" मग माझी बारा वर्षं काय चोरीची होती? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते त्या दिवशी कळलं. मी जळलो रे. दर महिन्याला तो कागद बदलला की नव्याने जळायचो.

वर तूच सभेत उठून हिशेब तपासनीस म्हणून माझं नाव सुचवलंस. "दादाइतका काटेकोर माणूस मिळायचा नाही." टाळ्या पडल्या, पण त्याही तुझ्या मोठ्या मनाला. तुला सायकल मी शिकवली, नोकरीचा अर्ज मी भरला, आणि आता तू मला खुर्ची देणार!

तपासनीस झाल्यावर मी तुझ्या वह्या सुईच्या टोकाने तपासल्या. काही सापडेना. प्रत्येक खर्चाला पावती, प्रत्येक पावतीला क्रमांक. काही सापडत नाही याचा राग यावा, असा मी तपासनीस. मग आपल्या पोस्टमन लंबूच्या ऑपरेशनचा खर्च आला. तो सायकलवरून पडून पाय मोडून बसला, तू मदत निधीतून दवाखान्यात अठरा हजार चारशे भरलेस. पावती ते मागाहून टपालाने पाठवणार होते. नियम तुझाच: पावती नाही, तर खर्च खजिनदाराच्या खिशातून.

चौदा तारखेच्या सभेत मी उठलो. "पावती कुठे आहे?"

तू म्हणालास, "टपालात आहे, दादा."

सगळी सभा हसली. आयुष्यभर लोकांनी आपल्याला हीच थाप ऐकवलेली. मागून कुणीतरी ओरडलं, "टपालात? मग गेलीच!" तूही हसशील असं मला वाटलं होतं. तू वही मिटलीस. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम," आणि खाली बसलो. फार छान वाटलं. खोटं कशाला लिहू?

दवाखाना दुसरी प्रत द्यायला दोन महिने लावणार हे मला ठाऊक होतं. रविवारी तुला काढायचं की ठेवायचं यावर मतदान आहे, हेही. तू स्कूटर विकून पैसे भरलेस, हे मात्र परवा कळलं. तेव्हाही पहिला विचार काय आला सांगू? आता सगळे याच्यासाठीच हळहळणार. आणि हळहळतातच. आई रोज विचारते, "धाकट्याचं काय झालं?" मी चिडून म्हटलं, "मी बारा वर्षं ते काम केलं, माझं कधी विचारलंस?" तर म्हणाली, "तुझी मला कधी काळजीच वाटली नाही रे." दोन दिवस ते वाक्य माझ्या मागे लागलंय.

आता वस्तूचं.

अकरा तारखेला सकाळी टपालाची पिशवी मी फोडली. त्यात खाकी पाकीट होतं, कोपऱ्यात दवाखान्याचा पत्ता, मधे तुझं नाव, खाली 'खजिनदार'. ते संघटनेच्या खणात टाकायचं होतं. मी खिशात ठेवलं. दुपारी हातात देईन म्हटलं. मग माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, शाईच्या डब्यांखाली, आणि 'विसरलो' असं या पत्रात आधी लिहिलंही होतं. तो कागद फाडला. विसरलो नव्हतो. सभेत पावती मागताना ती माझ्या खणात आहे हे मला माहीत होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत परक्याचं पोस्टकार्डसुद्धा मी अडवलं नाही, आणि अडवलं ते तुझं.

पाकीट उघडलेलं नाही. मागे आपल्या पोस्टात पोचल्याचा शिक्का आहे, अकरा तारखेचा. मीच मारलाय. हाताची सवय, चोरी करतानासुद्धा शिक्का अगदी सुबक उठलाय.

तुला मी ओळखतो. तू रविवारी फक्त पावती दाखवशील, पाकीट फाडून टाकशील आणि मला वाचवशील. लोक पुन्हा तुझंच कौतुक करतील. नको. ते मला सोसायचं नाही. म्हणून आज सकाळी तुझ्या हिशेबाच्या कागदाशेजारी मीही एक कागद चिकटवला. चार ओळी, तारखांसह, खाली सही. मी बाहेर पडलो तेव्हा काउंटरवरच्या बाई नळाखाली पेला धरून तोच वाचत होत्या. पेला भरून वाहत होता, त्यांना कळलं नाही.

साहेबांकडे कबुलीचा अर्ज दिलाय. पुढे जे होईल ते होईल. पत्र रजिस्टरने पाठवतोय, पोचपावती जोडून. तुझी सही माझ्याकडे परत आली की मला कळेल, या खेपेला तुझं टपाल तुला मिळालं.

लोभ असावा, असं मागायचं तोंड नाही. रविवारी आई सभेला ने म्हणेल, तिला आणू नकोस.

तुझ्यावर जळणारा, तुझाच
दादा