भावोजींचा गुलाब, आठ फूट दोन इंच

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे.) इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? जिने टाळ, गार पाण्यात फार उभी राहू नकोस आणि सूनबाईच्या कामात नाक खुपसू नकोस, म्हणजे गुडघ्यासकट घरातलं सगळंच बरं राहील.

तुझ्या पत्रात तब्येतीबद्दल दीड ओळ आणि गुलाबाबद्दल दोन पानं होती. साहजिकच आहे. भावोजींनी स्वतःच्या हाताने कलम करून वाढवलेला तो गुलाब, दुधी रंगाचा, पाकळीच्या कडेला जरासा लाल; तसा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. ते गेले, घर विकलं, अंगणात परक्यांच्या मोटारी उभ्या राहिल्या आणि उरलं ते हे एकच झाड तू पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलंस. बेचाळीस वर्षं कात्री चालवलीस, तुझ्याच हाती हे नीट राहील, असं म्हणालीस. बसमध्ये तीन तास काटे टोचत होते, पण मी हललो नाही. आता पुढच्या महिन्यात फूल बघायला येतेस ना? जरूर ये. छाती फुगवून सांगतो, तुझं ते दीड फुटी रोपटं आज आठ फूट दोन इंच आहे.

सुरुवात काही सोपी नव्हती. झाडाला चहाचा चोथा मानवतो असं कोणीतरी सांगितलं. तो धुऊन घालायचा असतो हे मात्र सांगितलं नाही, आणि आपल्या घरचा चहा किती गोड ते तुला माहीत आहे. मुंग्यांची रांग कुंडीपासून निघाली ती थेट स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यापर्यंत. त्या दिवसापासून आमच्या हिने बिनसाखरेचा चहा सुरू केला आहे. (फक्त माझ्यासाठी. स्वतः दोन चमचे घेते.) मग झाड कुंडीतून काढून फाटकाजवळच्या मातीत लावलं. थंडी पडली तेव्हा त्याला कोट शिवला. अस्तर लावलेला, दोन बटणांचा, आणि काटे अडकू नयेत म्हणून आतून जाड कापड. ही म्हणाली, माझी बाही तीन वर्षं उसवलेली आहे. मी म्हणालो, गिऱ्हाईक आधी, घरचे नंतर, हा दुकानाचा नियम दुकान बंद झालं म्हणून बदलत नाही. दर रविवारी टेपने उंची घेतो आणि दुकानातल्याच खडूने भिंतीवर खूण करतो. भिंतीला रंग द्यायला रंगारी आला होता, त्याला हाकलून दिला.

पण खरी करामत छाटणीची. झाड आणलं तेव्हा बुंध्याशी एक बेढब गाठ होती. गाठीच्या वर तीन काटकुळ्या फांद्या, पाच-पाच पानांच्या, आजारी माणसासारख्या मान टाकलेल्या. आणि गाठीच्या खालून मात्र हिरवेगार कोंब, सात-सात पानांचे, बघावं तेव्हा वीतभर वाढलेले! आता ज्या कापडात जीव नाही त्याला ठिगळं लावत बसू नये, एवढं मी नक्कीच शिकलोय. त्या तीन फांद्या म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. कात्रीला धार लावली आणि गाठीच्या वर बरोबर तीन कापांत तिन्ही उडवल्या. शेजारच्या सिस्टर (इस्पितळातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली अजून सिस्टरच म्हणते) कुंपणापलीकडून ओरडल्या, "अहो, खालचं काढा, वरचं कशाला कापताय!" मी म्हणालो, "तुम्ही इंजेक्शनं द्या, कात्रीचं मला शिकवू नका." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. नाही तर नाही. आपला हात जगन्नाथ. आज रस्त्याने जाणारे थांबून माझं झाड बघतात आणि टपालवाल्याला बाजूच्या बोळातून यावं लागतं, कारण फाटक आता झाडाच्या ताब्यात आहे.

कागद संपत आला, अभिमान संपलेला नाही. घरात लहानमोठ्यांना ज्याचं त्याला पोचतं कर.

तुझा,
धाकटा

ता.क. फुलाचं लिहायचं राहिलं. अजून आलेलं नाही. कळीही नाही. पण उंची बघशील तर थक्क होशील.

ता.क. दुसरा. ताई, तुझ्याशी लपवाछपवी कधी जमली नाही. आठ दिवसांपूर्वी सिस्टरनी कुंपणावरून हिच्या हातात एक फूल दिलं. दुधी, कडेला लाल. मी लांबूनच ओळखलं आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गाठ म्हणजेच भावोजींचं कलम. तिच्या वरचा तो त्यांचा गुलाब आणि खालचा तो ज्यावर कलम बांधलं तो रानटी खुंट. वर्षभर मी रानटी खुंटाला कोट घालत होतो. आणि ज्या काटक्या मी कचऱ्यात टाकल्या त्या सिस्टरनी उचलून कुंडीत खोचल्या. एक जगली. भावोजींचा गुलाब आज सिस्टरच्या खिडकीत आहे. मला माफ कर.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. आलीस की आधी आमच्याकडे न येता सिस्टरकडे जा आणि त्यांच्याकडून त्या झाडाच्या दोन काड्या मागून घे. मला मागायला तोंड नाही, तुला त्या नाही म्हणणार नाहीत. हिच्याजवळ त्या म्हणाल्या म्हणे, की काडी रुजली कारण काप तिरका आणि एका झटक्यात दिलेला होता, साल कुठे फाटली नव्हती. कापणाऱ्याचा हात कसलेला आहे. हे वाक्य त्यांना पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणायला लाव. मी कुंपणाच्या अलीकडे उभा असेन.